आरडी ३५०च्या नावाखाली २,९३,५०० रुपयांना गंडा

जुनी आरडी ३५० मोटरसायकल विकत घेताना फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी खोदून विचारायला नको. टोकन ११,०००. मग लागोपाठ दोन दिवस १,००,००० आणि १,००,०००, कारण यूपीआयवरून दिवसाला लाखाच्या वर जात नाहीत. गाडी टेम्पोत चढवताना ६४,०००. आणि वर ‘पेपरच्या कामाचे’ १८,५००. झाले २,९३,५००. रोख एक रुपयाही दिला नाही, सगळं खात्यातून गेलंय, त्याचा उपयोग काय झाला ते पुढे येईलच.

‘भंगाराच्या नादी लागलं की असंच होणार’ हे मला घरी रोज ऐकायला मिळतं, तुम्ही नका ऐकवू. मी काही काल या धंद्यात उतरलो नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक आरएक्स १०० आणि एक यझदी, अशा दोन जुन्या मोटरसायकली पार नटबोल्टपर्यंत खोलून पुन्हा उभ्या केल्यात. पुण्याच्या नाना पेठेतले स्पेअर पार्टवाले दुकानदार मला तोंडओळखीने ओळखतात, बुधवार-रविवारचा जुना बाजार मी वर्षानुवर्षं पालथा घालतोय. तेव्हा फसायला भोळंच असावं लागतं, हा समज आधी काढून टाका.

आरडी ३५० काय चीज आहे ते इथे सांगायची गरज नाही. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत सोडणारी पाकळ्यांची झडप), सहा गिअर, १९८३ पासून एस्कॉर्ट्सने राजदूत नावाखाली आपल्याकडे बनवलेली. पुढे डिस्क नव्हती, ड्रमच होता, त्यामुळे पळायची जितकी तितकी थांबायची नाही. सुरुवातीची एचटी (हाय टॉर्क) साडेतीस बीएचपी ताकदीची, नंतरची एलटी (लो टॉर्क) सत्तावीसची. बाजारातला सगळा खेळ याच फरकावर चालतो. ‘एचटी, मॅचिंग नंबर’, म्हणजे इंजिन आणि चेसिस मूळचीच, एवढे शब्द लावले की भाव कुठल्या कुठे जातो, आणि हे विकणाऱ्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

धायरीच्या पुढे पत्र्याची शेड. पस्तिशीचा पोरगा, बोलायला गोड, दर वाक्याला ‘काका’. मी न विचारताच त्याने रीडच्या पाकळ्या काढून दाखवल्या. ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनात आपोआप ऑइल सोडणारा पंप आता भरवशाचा नाही, बंद करून टाकीतच ऑइल मिसळा, असा सल्लाही दिला. ज्याला हे कळतं तो चोर कसा असेल, असं कुणालाही वाटलं असतं. (चोरालाच जास्त कळतं, हे आता कळलंय.)

आता ते दुपारचं. सिलिंडरला हात लावला तर गरम. ‘आत्ताच पेट्रोल टाकून आणली काका.’ थंड इंजिन पहिल्या किकला कसं वागतं त्यावर टू-स्ट्रोकची कुंडली वाचता येते. क्लचच्या बाजूचं क्रँक सील (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं रबरी सील) गेलेलं असेल तर ते गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर सुटतो. चार मिनिटं आधी फिरवून आणली की निम्मं झाकलं जातं. गरम इंजिन दाखवणाऱ्याला सांगा, उद्या सकाळी येतो, तोवर हात लावू नकोस.

पण खरं दुखणं ते नाही. क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, कोरलेल्या इंजिन नंबरावर चंदेरी रंगाचा ताजा हात होता. मी वाकून अंगठ्याचं नख फिरवलं. रंग मऊ होता, नखात आला. शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा केसभर खाली बसलेले, आणि तीनचं पोट जरा जास्तच गोल. हे मी पाहिलं. खिशात फडकं होतं, बाजूच्या डब्यात थिनर होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘काका, चहा गार होतोय.’ आणि मी उठलो. जुन्या गाडीचं इंजिन रंगवतातच, मीही रंगवतो, मग संशय घ्यायचा तरी कशाचा? पण ते नख मला अजून झोपू देत नाही.

घरी आल्यावर थिनर मारलं. खाली ग्राइंडरच्या बारीक रेघा, शेजारच्या ओतीव पृष्ठभागाचा खरखरीतपणा तेवढ्याच चौकोनात गायब. मग हेडस्टॉकचा, म्हणजे हँडल बसतं त्या चेसिसच्या नळीचा रंग खरवडला. लांबी भरलेली, खाली वेल्डिंग, चेसिस नंबरचा तुकडाच दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा. आरसी बुक जुन्या तीन अक्षरी नंबरचं. ऑनलाइन दिसत नव्हतं, पण त्या काळातल्या कित्येक गाड्यांच्या नोंदी अजून संगणकावर चढलेल्या नाहीत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याने त्याचाच फायदा घेतला आणि ती नोंद करून देतो म्हणून १८,५०० घेतले. मी स्वतः आरटीओत रजिस्टर काढायला लावलं तेव्हा तो नंबर स्कूटरचा निघाला! हे टोकन द्यायच्या आधी करा. सेलोटेप आणि पेन्सिलने चेसिसची छाप स्वतः घ्या. घेऊ देत नसेल तर नमस्कार करून निघा.

पुढचा तमाशा ऐका. चौकीत गेलो. शेड आमच्या हद्दीत नाही, म्हणे. दुसऱ्या चौकीत गेलो तर तुम्ही राहता तिकडे द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, हे मी वाचून गेलो होतो. तसं म्हटल्यावर साहेबांनी ‘वकील आहात का?’ विचारलं. मग हा दिवाणी मामला आहे. मग तो फोन उचलत नाही, आम्ही काय करणार? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर तुम्ही समोरासमोर भेटलात, सायबरमध्ये बसत नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, पिनही तुम्हीच टाकलात. म्हणजे रोख दिले असते तर पुरावा नाही म्हणाले असते, आणि खात्यातून दिले तर स्वखुशीने दिले! शेवटी एका हवालदाराने बाजूला घेऊन खरं सांगितलं: ‘गुन्हा दाखल झाला तर गाडी मुद्देमाल म्हणून जमा होईल, आवारात पडेल. बघा बुवा.’ त्या आवारात पावसात कुजणाऱ्या गाड्या मी येता-जाता पाहिल्यात. चोरीची असेल तर खऱ्या मालकाकडे जावी, माझी ना नाही. पण गुन्हा मी नोंदवायचा, गाडी माझ्याकडून जायची, आणि ज्याने पैसे खाल्ले त्याला साधं बोलावणंही नाही?

तरी अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ लिहून. पोच शिक्क्यासह घ्या, साध्या सहीवर परत येऊ नका. प्रत पोलीस आयुक्तांकडे स्पीड पोस्टाने गेली आहे. व्यवहाराआधीचे सगळे व्हॉट्सॲप संदेश जपा, हा गडी नंतर ‘सर्वांसाठी डिलीट’ करतो.

आणि हो, गेल्या आठवड्यात एक यझदी विक्रीला आली आहे, ८५,०००. नाव वेगळं, मोबाइल वेगळा. फोटोत मागे तोच पत्रा आणि निळी पाण्याची टाकी आहे. टोकन ५,००० मागतोय.