युद्धबंदीचे मूळ करार स्वतः वाचायचे असतील तर: पीए-एक्स डेटाबेसचा रिव्ह्यू

टीव्हीवर "युद्धबंदी झाली" अशी पट्टी आली की मला आधी हायसं वाटतं, आणि दोन दिवसांनी "युद्धबंदीचं उल्लंघन" अशी दुसरी पट्टी आली की पोटात गोळा येतो, आणि दर वेळी मनात एकच येतं की अरे पण ठरलं काय होतं नेमकं, कागदावर काय लिहिलं होतं? ते कुणी सांगतच नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इस्रायल-लेबनॉन युद्धबंदी झाली तेव्हा एका व्हिडिओ चॅनलवर (नाव घेत नाही) "आता कायमची शांतता" असं अर्धा तास चाललं होतं, मी ते खरं धरून चार जणांना पाठवलं, आणि नंतर कळलं की त्यात सैन्य मागे घ्यायला ६० दिवसांची मुदत होती आणि पुढचं सगळं त्यावर लटकलेलं होतं. तेव्हा ठरवलं की आता मूळ कागद वाचायचे. शोधता शोधता पीए-एक्स सापडलं, गेले दोन-तीन महिने जवळपास रोज उघडतोय, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी हे काय आहे ते सांगतो. एडिनबरा विद्यापीठातल्या प्राध्यापक क्रिस्टीन बेल आणि त्यांच्या टीमने १९९० पासूनचे शांतता करार गोळा करून एका ठिकाणी ठेवलेत, दोन हजारांच्या वर करार आहेत, दीडशेच्या वर शांतता प्रक्रियांमधले. पैसे लागत नाहीत. देश निवडा, साल निवडा, प्रकारात सीझफायर निवडा, किंवा विषय निवडा, म्हणजे कैदी, सुरुंग, महिला, देखरेख वगैरे, आणि ज्या करारात त्या विषयाचं कलम आहे तेवढेच समोर येतात. प्रत्येक कराराला तारीख, सह्या कुणाच्या, मध्यस्थ कोण, पानं किती आणि खाली पूर्ण मजकुराची पीडीएफ. गावपातळीवरच्या, दोन टोळ्यांमधल्या किंवा दोन वस्त्यांमधल्या करारांचा वेगळा विभाग आहे, तो तर मला अजिबात माहीत नव्हता. आपल्याला युद्धबंदी म्हटलं की मोठं टेबल आणि झेंडे दिसतात, पण कितीतरी युद्धबंद्या फक्त एका रस्त्यापुरत्या, एका शहरापुरत्या असतात.

मी पहिला उघडला श्रीलंकेचा, फेब्रुवारी २००२ चा. एका बाजूला पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे, दुसऱ्या बाजूला एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचे प्रभाकरन, मध्यस्थ नॉर्वे. लहानसाच कागद आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि सगळ्यांनी एकदा तरी वाचावा असं मला मनापासून वाटतं. कारण त्यात नुसतं "लढाई थांबवू" असं म्हणून सोडून दिलेलं नाही, लढाई म्हणजे काय काय ते एकेक करून लिहिलंय: गोळीबार, सशस्त्र छापे, दबा धरून हल्ले, हत्या, अपहरणं, मालमत्तेची नासधूस, घातपात, आत्मघातकी मोहिमा, खोलवर घुसणाऱ्या तुकड्यांच्या कारवाया, वर हवाई बॉम्बफेक आणि नौदलाची आक्रमक कारवाई. वाचताना अंगावर काटा येतो, कारण यातला एकेक शब्द तिथल्या लोकांनी भोगलेला आहे म्हणून तो तिथे आलाय. मग पुढे, जिथे दोन्ही फौजा समोरासमोर आहेत तिथे मध्ये किमान ६०० मीटर मोकळी जागा. आणि त्याच कागदात थोडं खाली येतं की फौजांनी बळकावलेली देवळं, चर्च, मशिदी ३० दिवसांत रिकामी करायची आणि शाळेच्या इमारती जास्तीत जास्त १६० दिवसांत रिकाम्या करून पुन्हा शाळा म्हणून वापरायला द्यायच्या.

या शाळेच्या कलमापाशी मी बराच वेळ थांबलो. बंदुका कधी थांबणार हे बातमीत येतं, वर्ग कधी भरणार हे येत नाही, आणि करारात ते तारखेसकट लिहिलेलं असतं.

हाच करार मोडला कसा तेही त्याच कागदात दिसतं. शेवटी एक कलम आहे, की कुठल्याही बाजूने नॉर्वे सरकारला १४ दिवस आधी नोटीस दिली की करार संपला. देखरेखीला पाच नॉर्डिक देशांचं मिशन होतं, सहा जिल्ह्यांत पाच-पाच जणांच्या स्थानिक समित्या होत्या, दोन सरकारचे, दोन एलटीटीईचे आणि अध्यक्ष म्हणून एक परदेशी निरीक्षक. पण निरीक्षकांनी बघायचं, चौकशी करायची आणि नोंदवायचं, अडवायचा अधिकार त्यांना नव्हता. २००६ मध्ये युरोपियन युनियनने एलटीटीईला दहशतवादी यादीत टाकल्यावर एलटीटीईने युनियनमधल्या देशांचे निरीक्षक नकोत म्हणून सांगितलं, म्हणजे स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क गेले आणि उरले फक्त नॉर्वे आणि आइसलंड. नोटीस आली ती २००८ च्या जानेवारीत, पण लढाई त्याच्या कितीतरी आधीपासून परत पेटलेली होती, करार तेवढा कागदावर जिवंत होता.

एक करार असा नीट वाचला की पुढचे वाचायची नजर येते. मी आता कुठलाही करार उघडला की आधी तीन गोष्टी बघतो. वेळ कुठली दिलीय, रेषा कुठे आखलीय, आणि कुणी मोडलं तर कुणाला फोन करायचा.

वेळेचं उदाहरण पूर्व युक्रेनमधल्या लढाईसाठी झालेल्या मिन्स्क कराराचं. १२ फेब्रुवारी २०१५ ला कागद झाला आणि लढाई थांबायची होती १५ तारखेच्या शून्य वाजता कीव्हच्या वेळेप्रमाणे. मधल्या अडीच दिवसांत देबाल्त्सेव्हमध्ये लढाई जोरात चालू राहिली, ठरलेली वेळ उलटून गेल्यावरही थांबली नाही आणि १८ तारखेला ते शहर पडलंच. करारात तोफा किती मागे न्यायच्या त्याचे आकडे अगदी बारीक आहेत, १०० मिलिमीटर आणि वरच्या तोफांसाठी ५० किलोमीटर रुंद पट्टा, रॉकेट सोडणाऱ्या यंत्रणांसाठी ७०, त्यातल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या यंत्रणांसाठी १४०. एवढं सगळं मोजलं, पण त्या एका शहराचं काय करायचं ते ठरलं नाही, आणि तिथेच लोक मेले. सही आणि अंमल यांच्यात थोडा वेळ लागतोच, शेवटच्या चौकीपर्यंत निरोप पोचायला हवा ना. पण तेवढ्या वेळात जास्तीत जास्त जमीन घेऊन ठेवायची ओढ दोन्हीकडे असते. पहिलं महायुद्ध थांबलं तेव्हा, ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे पाचच्या सुमाराला रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या, बंदुका थांबायच्या होत्या अकरा वाजता, आणि हेन्री गुंथर नावाचा अमेरिकन सैनिक १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला. एक मिनिट राहिलं होतं हो.

आता इथे पीए-एक्सची मर्यादा येते, ती आधीच माहीत असलेली बरी. हे १९९० पासून सुरू होतं. त्याआधीचं हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांचा पीसमेकर नावाचा डेटाबेस आहे, तोही मोफत, तिथे जुने कागद मिळतात, आणि रेषेचं उदाहरण मला तिथेच मिळालं, ते आपल्या अगदी जवळचं आहे.

२७ जुलै १९४९ चा कराची करार. भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या देखरेखीखाली काश्मीरमधली युद्धबंदी रेषा लिहून काढली. रेषा अशी गावं, नाले, टेकड्यांची नावं घेत घेत जाते, मैलोन्‌मैल, आणि शेवटी श्योक नदीवरचं चालुंका, मग खोर, आणि मग फक्त एवढंच, की तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत. बस. तिथे कोण लढायला जाणार असं तेव्हा वाटलं असणार, आणि ते समजण्यासारखं आहे. १९७२ मध्ये नियंत्रण रेषा आखली तेव्हाही नकाशावरची रेषा एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबली. पुढे एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्य सियाचीनवर चढलं, आणि नोव्हेंबर २००३ च्या युद्धबंदीपर्यंत तिथे तोफा चालू होत्या, गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी जास्त माणसं गेली. कागदावर मोकळे सोडलेले चार-पाच शब्द, आणि त्यासाठी वीस हजार फुटांवर पोरं उभी. मी ते वाक्य स्क्रीनवर मोठं करून परत परत वाचलं.

त्याच तारखेला, २७ जुलैलाच, पण १९५३ साली पानमुंजोमला कोरियाचा करार झाला. तो पीसमेकरवर जरूर वाचा, कारण नीट लिहिलेला करार कसा असतो ते तिथे दिसतं. सही सकाळी १० वाजता, गोळीबार बंद १२ तासांनी, रात्री १० ला. रेषेपासून दोन्ही बाजूंनी दोन-दोन किलोमीटर मागे, म्हणजे मध्ये चार किलोमीटरचा पट्टा, आणि त्या पट्ट्यातून ७२ तासांत फौजा आणि सामान बाहेर. नकाशे जोडलेले. बोलणी मात्र दोन वर्षांवर चालली, १० जुलै १९५१ ला सुरू झालेली, आणि त्यातला मोठा काळ गेला एकाच वादात, की ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परत जायचंच नाही त्यांचं काय करायचं. त्यासाठी तटस्थ देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि बावीस हजारांवर अशा कैद्यांना सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख आपले शंकरराव थोरात. आपल्या मराठी माणसाने दुसऱ्यांची युद्धबंदी टिकावी म्हणून एवढं जोखमीचं काम केलंय आणि आपण त्याबद्दल किती कमी बोलतो.

दक्षिण कोरियाने त्यावर सही केली नव्हती हेही लक्षात घ्या. आणि तो तह नाही. मराठीत आपण युद्धबंदी, शस्त्रसंधी, तह सगळं एकाच अर्थाने वापरून टाकतो, पण तह म्हणजे युद्ध संपलं, आणि शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबला, वाद तसाच. कोरियात तह आजही झालेला नाही. लढाईत कमावलं ते तहात गमावलं असं आपण म्हणतो ना, ती भीती दोन्हीकडे असते, म्हणून कितीतरी ठिकाणी गाडी शस्त्रसंधीपाशीच थांबून राहते.

चांगलं चाललेलं एक उदाहरण पीए-एक्सवरचंच, सुदानमधल्या नुबा डोंगरांचं. १९ जानेवारी २००२ ला स्वित्झर्लंडमध्ये बुर्गेनस्टॉकला सह्या झाल्या, मुदत फक्त सहा महिने, आणि पुढे ती वाढवत वाढवत नेली. देखरेख करणाऱ्या संयुक्त लष्करी आयोगात सरकार आणि बंडखोर अशा दोन्ही बाजूंची माणसं आणि परदेशी निरीक्षक एकत्र काम करायचे, आणि सगळे निःशस्त्र. तक्रार आली की तिघांनी मिळून जायचं, बघायचं, तिथल्या तिथे सोडवायचं. फोन कुणाला करायचा याचं उत्तर इतकं सरळ दुसरीकडे मला क्वचितच दिसलं. २००५ च्या मोठ्या शांतता करारापर्यंत ती युद्धबंदी टिकली. २०११ मध्ये त्या भागात पुन्हा युद्ध पेटलं हे खरंय, पण मधली ती वर्षं तिथल्या माणसांना मिळाली, ती कमी नाहीत.

आकडेवारीची आवड असेल तर स्वित्झर्लंडचं ईटीएच झुरिक विद्यापीठ आणि ओस्लोच्या प्रिओ या शांतता संशोधन संस्थेचा वेगळा डेटासेट आहे, १९८९ ते २०२० मधल्या यादवी युद्धांतल्या २२०२ युद्धबंद्या, ६६ देशांतल्या. त्यात एकतर्फी जाहीर केलेल्या, तोंडी ठरलेल्यासुद्धा धरल्यात. पीए-एक्समध्ये तसं नाही, तिथे लिहिलेला आणि जाहीर झालेला कागद हवा, त्यामुळे गुप्त समझोते आणि फोनवर ठरलेलं तिथे शोधू नका. १० मे २०२५ ला भारत-पाकिस्तानच्या डीजीएमओंचं, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांचं, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी फोनवर बोलणं झालं आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं, यात दोघांनी सही केलेला कागद कुठे? अशा वेळी आपल्या हातात दोन्हीकडची निवेदनंच असतात, ती शेजारी शेजारी ठेवून वाचायची.

भाषेचं सांगायचं तर सगळं इंग्रजीत आहे. करारांची भाषा मात्र वाटते तेवढी अवघड नाही, एक-दोन वाचले की सवय होते. हे सगळं कुणीतरी मराठीत आणायला हवं, निदान दहा-पंधरा महत्त्वाचे करार तरी, त्यासाठीच अर्धा स्टार राखून ठेवतोय. बाकी पाचपैकी साडेचार, पत्रकारितेच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तर आजच उघडावं. सुरुवात मोठ्या करारांपासून करू नका, कोलंबियाचा २०१६ चा अंतिम करार तीनशे पानांचा आहे, दमून जाल. श्रीलंका किंवा नुबा घ्या. मी सध्या कैदी हा विषय निवडून एकेक करार वाचतोय, कुठे नावांची यादी जोडलीय, कुठे नुसती संख्या लिहिलीय आणि कुठे त्यांचा उल्लेखच नाही, ते वहीत उतरवून ठेवतोय.