मुंबईतील व्यावसायिक जलजोडणीचे देयक : एक परीक्षण

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या व्यावसायिक जलजोडणीचे परीक्षण पाण्याच्या दर्जावरून किंवा दाबावरून पुष्कळदा होते, मात्र गाळेधारकांच्या सोसायट्यांना महिन्याच्या हिशेबात सर्वांत जास्त कोडे घालणारे देयक त्यातून सुटून जाते.

१६ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार निवासी इमारतींना हजार लिटरमागे ६.३६ रुपये, व्यवसायेतर संस्थांना २५.४६ रुपये, दुकाने व कार्यालये यांसारख्या व्यावसायिक आस्थापनांना ४७.७५ रुपये, उद्योगांना ६३.६५ रुपये आणि रेसकोर्स व तारांकित हॉटेलांना ९५.४९ रुपये असा दर पडतो. यावर पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार लागतो. म्हणजे दुकानदाराला हजार लिटर प्रत्यक्षात सुमारे ८१ रुपयांना पडतात, तर वरच्या मजल्यावरील कुटुंबाला अकरा रुपयांच्या आत. हा फरक मला अन्याय्य वाटत नाही. भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या दूरच्या जलाशयांतून पाणी आणून, शुद्ध करून, पुन्हा सांडपाण्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च घरगुती दरातून निघणे कठीण आहे आणि त्याचा भार नफा कमावणाऱ्याने अधिक उचलावा, हे तत्त्व योग्यच आहे.

माझा आक्षेप मलनिस्सारण आकाराच्या मोजणीला आहे. गटारात किती पाणी गेले हे कुठेही मोजले जात नाही. जलमापकातून जेवढे आत आले तेवढ्यावरच ७० टक्के आकारले जातात. चहाच्या टपरीपासून मोठ्या उपाहारगृहापर्यंत ज्यांचे बहुतेक पाणी मोरीतून वाहून जाते, त्यांना हा हिशेब लागू पडतो. पण वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरमधून ज्या पाण्याची वाफ होते, किंवा जे आवारातील झाडांना घातले जाते, ते मलवाहिनीपर्यंत पोहोचतच नाही आणि तरीही देयकात सारखेच धरले जाते. मोठ्या आस्थापनांसाठी अशा वापराचा स्वतंत्र मापक मान्य करून तेवढ्यापुरता आकार वगळला, तर व्यवस्था अधिक न्याय्य होईल.

दुसरी अडचण इमारतीच्या आतली आहे. एकाच जोडणीवर पंधरा-वीस गाळे असले आणि देयक चौरस फुटांवर वाटले, तर दोन माणसांच्या कार्यालयाने शेजारच्या भटारखान्याचे पाणी आणि त्यावरचा मलनिस्सारण आकारही भरायचा. याला महापालिका जबाबदार नाही. सोसायटीने प्रत्येक गाळ्याच्या वाहिनीवर उपमापक बसवणे हाच यावरचा खरा उपाय आहे, आणि पाण्याचा वापर असमान असेल तिथे त्याचा खर्च लवकर भरून निघतो.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट भूमिगत टाकीची. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक तासांतच येते. त्या वेळी बॉल कॉक (टाकी भरताच पाणी आपोआप बंद करणारी तरंगत्या गोळ्याची तोटी) नीट बंद झाला नाही तर टाकी भरून वाहते. ते पाणी आधीच जलमापकातून गेलेले असते, त्यामुळे वाया गेलेल्या प्रत्येक हजार लिटरचे ८१ रुपये भरावे लागतात. पुरवठ्याच्या वेळेत टाकी भरल्यावर मापकाचा काटा थांबतो का, हे रखवालदाराकडून रोज पाहून घ्यावे.

देयकाची रचना स्पष्ट आहे आणि दर व रक्कम स्वतः ताडून पाहता येतात, ही जमेची बाजू. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के अतिरिक्त आकार चढत जातो. म्हणून देयकावर वाद असला तरी भरणा लांबवण्यापेक्षा वादाचा अर्ज वेगळा आणि लेखी द्यावा. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शौचालयांत पुन्हा वापरणाऱ्या इमारतींना पाणीपट्टी व मलनिस्सारण आकार या दोन्हींत बचत मिळते, कारण तेवढे पाणी मापकातून नव्याने यावेच लागत नाही. नवीन व्यावसायिक संकुल उभारणाऱ्यांनी दुहेरी नळवाहिनी, म्हणजे ताज्या आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी वेगवेगळे नळ, बांधकामाच्या नकाशातच घ्यावी, नंतर भिंती फोडून ती घालणे फार महाग पडते.