चढावरचा दम: उपकरण, जलद श्वसन, मास्क की इंटरव्हल?

चढावर धाप लागली की आपण फुप्फुसांना दोष देतो. परंतु निरोगी, नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीत थकवा येतो तो फुप्फुसांना नव्हे, तर त्यांना हलवणाऱ्या स्नायूंना, म्हणजे मुख्यतः श्वासपटलाला आणि बरगड्यांमधील स्नायूंना. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की कमाल क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांहून अधिक तीव्रतेचा व्यायाम पार दमेपर्यंत केल्यास श्वासपटलाचे बल मोजता येईल इतके घटते. कमाल श्रमात शरीराच्या एकूण ऑक्सिजनवापरापैकी साधारण १० टक्के, आणि मुरलेल्या खेळाडूंत १५ टक्क्यांपर्यंत, हे स्नायू घेतात. ते थकू लागले की चेतासंस्था पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसवते, आणि श्वासाच्या थकव्याची किंमत मांड्या-पोटऱ्यांना मोजावी लागते. याच संशोधकांनी सायकलपटूंच्या श्वासाचा काही भार यंत्रावर सोपवला, तेव्हा ते ९० टक्के तीव्रतेला सुमारे १४ टक्के अधिक वेळ टिकले.

म्हणून श्वासाच्या स्नायूंना सराव देणाऱ्या साधनांवर पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या व्यायामाची तीव्रता तपासावी. बोलत-बोलत धावता येईल अशा वेगाने दहा किलोमीटर करणाऱ्याचे श्वासपटल सहसा थकत नाही. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट वेळेचे लक्ष्य ठेवून चढणारा धावपटू किंवा जड सॅक छातीशी आवळून गड चढणारा ट्रेकर यांचा प्रश्न मात्र खरा आहे. सॅकचे पट्टे छातीच्या हालचालीलाच अडवतात.

पहिला पर्याय म्हणजे श्वास आत ओढताना ठरावीक दाब निर्माण झाल्याशिवाय झडप न उघडणारे, हातात मावणारे उपकरण. संशोधनात सर्वाधिक वापरलेली पद्धत अशी: श्वास आत ओढण्याच्या आपल्या कमाल दाबाच्या निम्म्या भारावर दिवसातून दोनदा ३० श्वास, किमान सहा आठवडे, आणि जमू लागेल तसा भार वाढवत नेणे. प्रत्येक खेपेस जेमतेम पाच मिनिटे लागतात, हे त्याचे मोठे बलस्थान आहे. श्वास मात्र जोरात आणि पूर्ण खोल घ्यावा लागतो. टीव्ही पाहताना सहज ओढलेल्या श्वासांचा फारसा उपयोग नाही. यातून व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते ते माप, वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरच्या त्या आकड्याकडे पाहून निराश होऊ नये. वाढतो तो स्नायूंचा जोर आणि, अनेक अभ्यासांनुसार, एका तीव्रतेला टिकून राहण्याचा काळ. कमी सराव असलेल्यांना हा लाभ अधिक दिसतो.

दुसरा पर्याय आहे जलद आणि खोल श्वसनाचा दीर्घ सराव. त्यात प्रत्येक बैठकीला २० ते ३० मिनिटे जातात, आणि कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडू नये म्हणून उच्छ्वासाचा काही भाग पिशवीतून पुन्हा आत घ्यावा लागतो, अन्यथा चक्कर येते व बोटांना मुंग्या येतात. ताकदीपेक्षा दमसास वाढवणारी ही पद्धत तत्त्वतः शर्यतीच्या अधिक जवळची आहे. पण नोकरी सांभाळून धावणाऱ्याला ती चिकाटीने करणे कठीण जाते, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो.

डोंगरउंचीवरच्या विरळ हवेचा सराव देतो म्हणून विकला जाणारा ‘उंचीचा’ मास्क मी यादीतून वगळतो. उंचीवर हवेचा दाब उतरतो, मास्क तो उतरवत नाही; श्वास अडल्यासारखा वाटतो इतकेच. प्राणायामाचे इतर लाभ असतील, पण कपालभातीत जोर असतो तो पोटाच्या स्नायूंनी श्वास बाहेर फेकण्यावर, आणि अनुलोम-विलोमात स्नायूंवर भार नगण्यच असतो.

उरते ते इंटरव्हल, म्हणजे तीव्र धाव आणि विसावा आलटून-पालटून घेण्याचा सराव. आठवड्यातून एकदाही तीव्र धाव किंवा चढाची पुनरावृत्ती न करणाऱ्याने उपकरण न घेता आधी तीच सुरू करावी, कारण त्यात हृदय, पाय आणि श्वासपटल एकाच वेळी घडतात आणि खर्च शून्य असतो. इंटरव्हल नियमित होत असूनही अखेरच्या चढाला पायांआधी श्वास हार मानत असेल, तर पहिल्या पर्यायाकडे वळावे. सहा आठवड्यांनंतर सुमारे एक-तृतीयांश सरावावरही कमावलेला जोर टिकतो. कानाचा पडदा फाटलेला असल्यास किंवा फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा त्रास पूर्वी झाला असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपकरण तोंडाला लावू नये.