आगरातल्या गाडीला कव्हर कुठलं घ्यावं

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. समुद्राजवळ, माडा-आंब्याखाली गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असं ठळक छापलेलं कव्हर घेऊ नका. पाणी थोडं झिरपलं तरी चालेल, पण आतली वाफ बाहेर सोडणारं, आतून मऊ अस्तर असलेलं आणि गाडीच्या पोटाखालून पट्टा बांधता येणारं बघा. आणि तेसुद्धा पावसाळ्यात घडी करून माळ्यावर टाका. हे शेवटचं ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “मग एवढे पैसे घालून आणलंस कशाला?” त्याचं उत्तर पुढे देते.

आमचं घर गुहागरात खालच्या पाटाला. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीचं आगर, मग सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. गाडी वॅगनआर, गडद निळी. गडद रंगावर मिठाचा पांढुरका थर, लाल मातीची धूळ, पक्ष्यांची शीट, सगळं लांबून दिसतं. ती उभी असते घराच्या बाजूला, कलमाच्या आंब्याखाली. शेड का बांधत नाही, हे मुंबईचे पाहुणे दरवेळी विचारतात. सातबारा सामाईक आहे एवढं सांगितलं की कोकणातला माणूस पुढचं काही विचारत नाही. शिवाय ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्र्यांचं काय झालं ते ज्यांनी बघितलंय, त्यांना गाडीवर पत्रा हवाच असतो असं नाही.

पहिलं कव्हर दिरांनी मुंबईहून आणून दिलं होतं. बाजारात ज्याला सिल्व्हर मॅटी म्हणतात तसलं, नऊशे-हजारात मिळणारं. पाकिटावर ‘१९० टी’ लिहिलेलं. म्हणजे कापडाच्या एका इंचात उभे-आडवे मिळून १९० धागे. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून कापडाचं विणकाम कळतं, वरचा चंदेरी लेप किती टिकेल ते कळत नाही. मे महिन्यात तो लेप उतरायला लागला. कव्हर काढलं की हाताला चांदी, बॉनेटवर चांदी, आणि सासूबाईंनी घडी घालायला हात लावला तर त्यांच्या पातळावर चांदी. दोरी ओवायच्या रिंगा लोखंडी होत्या. खाऱ्या वाऱ्यात त्या गंजल्या आणि बंपरवर तांबडे ओघळ आले. कव्हर घेताना रिंगा पितळी किंवा प्लास्टिकच्या आहेत का, हे आमच्या बाजूला कापडाच्याही आधी बघायला पाहिजे. ते कव्हर आता सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या, ढिगावर आहे. चुलीसाठी साठवलेली सोडणं पावसात कोरडी राहतात, त्यामुळे दिरांना वाईट वाटायचं कारण नाही.

शेजारच्या भाऊकाकांचं कव्हर दुसऱ्या टोकाचं. जाड पीव्हीसी, ताडपत्रीच्या जवळचं, आत पाण्याचा थेंब जाणार नाही. खरंच जात नाही. पण जूनमध्ये घातलेलं ते कव्हर गणपतीला मुलगा येणार म्हणून त्यांनी काढलं, तेव्हा दाराच्या रबरावर बुरशी, आत कुबट वास आणि टपावर धुरकट डाग. डाग पॉलिशवाल्याने घासून बरेचसे काढले, सगळे निघाले नाहीत.

हे का होतं ते कळायला स्वयंपाकघरातली बरणी पुरे. जूनमध्ये मिठाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. आता गाडीच्या पत्र्यावर वाऱ्याने आणलेलं मीठ बसलंय, त्यावर हवा न खेळणारं प्लास्टिक घातलंय, आणि जमिनीतून खालून वाफ येतेच आहे. म्हणजे तुम्ही गाडी पावसापासून वाचवून मिठाच्या पाण्यात ठेवलीत. उघड्यावर उभ्या गाडीवरचं मीठ पहिल्या दोन सरींत धुऊन जातं. कव्हरखालच्या गाडीवरचं तिथेच राहतं. सासूबाईंना मी हेच उत्तर दिलं. त्यांनी बरणीकडे बघितलं आणि विषय बदलला.

जाता जाता त्या ‘३००० मिमी वॉटरप्रूफ’विषयी. मला एकाने गंभीरपणे सांगितलं होतं की आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून तीन हजारवालं कव्हर पुरणार नाही, पाच हजारवालं घ्या. पाऊस तेवढा पडतो हे खरं, पण त्या आकड्याचा पावसाशी संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंतच्या दाबाला ते गळत नाही, त्याचं ते माप आहे. आणि हे माप सलग कापडाचं. कव्हर गळतं ते शिवणीतून, सुईने पाडलेल्या भोकांतून. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर तीन हजार काय आणि पाच हजार काय.

मी घेतलेलं कव्हर चिपळूणच्या एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातलं. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं, तीन थरांचं, आतून मऊ अस्तर, राखाडी रंग. किंमत २,८००, घासाघीस करून. दुकानदार ‘श्वास घेणारं कापड आहे मॅडम’ असं दर वाक्याला म्हणत होता. तेवढ्यात त्याचा चहा आला. मी त्याच्याच ग्लासवर कव्हरचं कापड ताणून धरलं आणि वरून माझा चष्मा धरला. थोड्या वेळात काच धुरकटली. मग त्याच चहावर सिल्व्हर मॅटी धरलं, तेव्हा काच स्वच्छ राहिली. चहा त्याला दुसरा मागवावा लागला, पण परीक्षा झाली. ही परीक्षा कुठल्याही दुकानात करता येते आणि पाकिटावरच्या मजकुरापेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

मापाच्या बाबतीत हट्ट धरा. ‘हॅचबॅक’ लिहिलेलं एकच माप सगळ्यांना देतात. वॅगनआरची उंची १,६७५ मिलिमीटर, स्विफ्टपेक्षा जवळजवळ अर्धा फूट जास्त. स्विफ्टच्या बेताने शिवलेलं कव्हर हिला घातलं की खालचं इलॅस्टिक चाकाच्या मध्यापर्यंतच येतं आणि वारा आत शिरतो. सैल कव्हर तर त्याहून वाईट. दुपारी खारा वारा सुटला की ते फडफडतं आणि आत अडकलेली धूळ दिवसभर रंगावर घासत राहते. रंगावरचा पारदर्शक लॅकर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसापेक्षा पातळ. त्याला आमच्या जांभ्याच्या धुळीची घासणी किती दिवस सोसणार? म्हणून पोटाखालचा पट्टा हवाच. माझ्या कव्हरला पट्टा आहे, पण आखूड. शेवटी छत्री दुरुस्त करणाऱ्याकडून हातभर पट्टी जोडून घेतली. २,८०० च्या वस्तूत ही कंजुषी कशाला, ते कंपनीलाच माहीत.

आता ते उपयोगी कुठे पडलं ते. पौष-माघात आंब्याला मोहर येतो आणि त्याबरोबर तुडतुडे. त्यांच्या अंगातून गोड चिकट रस पडतो. बागायतदाराला तो पानांवर दिसतो, मला काचेवर. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी धरते, आणि वायपर फिरवला की सगळी काच माखते. कव्हर घातल्यापासून हा सगळा चिकटा कव्हरवर पडतो. तो साखरेचाच असल्यामुळे साध्या पाण्याने सुटतो, साबण लागत नाही. मेअखेर जांभळं पिकली की वटवाघळांची पाळी. त्यांची जांभळी शिंतोडी आणि कावळ्याची शीट उन्हात रंगावर वाळू दिली तर लॅकरमध्ये उतरते आणि मग पुसून जात नाही. या दोन हंगामांसाठीच मला कव्हरचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. उन्हाचं म्हणाल तर डॅशबोर्ड आणि हेडलाइटची काच वाचते. आंब्याची सावली दुपारी तीननंतर सरकते, तिथून पुढचा ताप कव्हर घेतं.

रोज घालते का? नाही. शाळेच्या दिवसांत शृंगारतळीला जायचं असतं, सकाळी दव पडून ओलं झालेलं कव्हर काढून घडी करत बसायला वेळ नसतो. मोहराच्या दिवसांत रोज रात्री घालते, बाकी सुट्टीत आणि गावाला जाताना. रोज वापरातली गाडी रोज झाकायची, म्हणजे रोज दोनदा रंगावरून कापड ओढायचं. त्यापेक्षा न झाकलेली बरी.

घालण्याआधी गाडीवर नुसतं पाणी मारायचं, कोरडं फडकं मारायचं नाही. पाणी मात्र गोडं हवं. आमच्या भागात समुद्राकडच्या काही विहिरी मेपर्यंत मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ धुऊन मीठच लावणं. सायलेन्सर निवू द्यायचा, गाडी पूर्ण सुकू द्यायची. एकटीने घालायचं असेल तर ज्या बाजूने वारा येतोय ती कड आधी अडकवायची, मग वाराच कव्हर गाडीवर दाबून धरतो. उलट केलंत तर कव्हर शेजाऱ्याच्या पोफळीत. काढताना दोन्ही बाजू टपावर आत दुमडून आणायच्या, म्हणजे अस्तराला माती लागत नाही. सोबत जी पिशवी येते तिच्यात हे कव्हर दुकानातून आणलं त्याच दिवशी मावलं, नंतर कधी नाही.

पावसाळ्यात मी ते काढूनच टाकते, कारण वर सांगितलंच. आणखी एक कारण आहे: झाकलेल्या गाडीखाली कोरडी, अंधारी जागा मिळते. उंदीर वायरी कुरतडायला येतात आणि उंदरामागून दुसरे पाहुणे. आमच्याकडे चाकाजवळच्या घडीत नानेटी, म्हणजे साप, निघाली होती. बिनविषारी, पण सकाळी सातला हे आठवत नाही. कव्हर काढलं की काचेखालच्या जाळीत पानं साठतात, ती दर आठवड्याला हाताने काढावी लागतात, नाहीतर पाणी तुंबतं. मेअखेरीस एकदा मेणाचं पॉलिश करून घेते. पावसापासून संरक्षण म्हणून एवढंच पुरतं.

तक्रारी. आरशाच्या खिशाची शिवण पहिल्या वर्षातच उसवली. पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. त्यात ऊन सोसण्यासाठीचं रसायन मिसळलेलं असलं तरी टपावरचा भाग आता हाताला कोरडा, खरखरीत लागतो. अजून एक हंगाम काढेल, त्यापुढे भुगा होईल असं दिसतंय. म्हणजे हे टिकाऊ कव्हर नाही. दोन-तीन उन्हाळ्यांचं आहे आणि त्या हिशेबाने मला महाग वाटत नाही.

नारळाचं सगळे विचारतात म्हणून सांगते: कुठलंही कव्हर नारळ अडवत नाही. जाड अस्तरवालं घेतलं की झावळी पडली तर ओरखडा कमी येतो, बस. गाडी माडाखालून हलवा, वेळोवेळी पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, बोलवून सुके नारळ आणि वाळक्या झावळ्या उतरवून घ्या, आणि विमा नुसता थर्ड पार्टी ठेवू नका. नारळाने फुटलेल्या काचेचे पैसे त्यात मिळत नाहीत, त्याला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो.

पुढचं घेईन ते ड्रायव्हरच्या बाजूला चेन असलेलं. चेन उघडून दार उघडता येतं, पूर्ण कव्हर काढावं लागत नाही. चेन प्लास्टिकची हवी, धातूची आमच्याकडे एका पावसाळ्यात आवळून बसते. चिपळूणवाला म्हणालाय, दिवाळीनंतर मागवून देतो, वॅगनआरच्याच मापाचं.