कुडाळात व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायची तर

लग्नाच्या, डबलबारी भजनांच्या, दशावताराच्या कॅसेटी डिजिटल करून देणारं कुडाळ बाजारातलं हे छोटं दुकान. इथे कॅसेट थेट डेकमध्ये, म्हणजे ती चालवणाऱ्या यंत्रात, सरकवत नाहीत, हा पहिला गुण. आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर टॉर्च मारतात. पांढरी जाळी किंवा भुकटी दिसली की बुरशी समजायची. ती तशीच चालवली तर टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. इथे अशी कॅसेट पिशवीत सिलिका जेलबरोबर आठवडाभर सुकवतात, मगच मास्क लावून साफ करतात. पावसात घाई करून उपयोग नाही. बुरशीला 70 टक्के आर्द्रता पुरते आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती त्याच्या कितीतरी वर असते.

दशावताराचं दुखणं निराळं. रात्रभराचा प्रयोग एकाच ई-180 कॅसेटवर मावावा म्हणून तो बऱ्याचदा एलपी (लाँग प्ले) या संथ वेगावर घेतलेला असतो, म्हणजे तीन तासांच्या टेपवर सहा तास. टेपचा वेग निम्मा, टेपवरचे चित्राचे ट्रॅक अरुंद, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर संकासुराच्या मुखवट्यावरून पट्टे धावतात. इथला ऑपरेटर टेप आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घेतो, ट्रॅकिंग हाताने जुळवतो आणि मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करणारं यंत्र, लावतो. सहा तासांच्या कॅसेटला सहा तासच लागतात. 'तासाभरात देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊच नये.

तक्रार आहे ती फाइलची. न सांगता गेलात तर पेनड्राइव्हवर डीइंटरलेस केलेली एमपी4 हातात पडते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला 50 फील्ड, म्हणजे एक-आड-एक ओळींची अर्धी चित्रं, असतात (हेच इंटरलेस); डीइंटरलेस करताना इथे त्यांच्या 25 पूर्ण फ्रेम होतात आणि युद्धनृत्याची चपळाई तिथेच जाते. फोनवर बघायला चालेल, जपून ठेवायला नाही. म्हणून कॅसेट देतानाच सांगा: चित्र 720 बाय 576, इंटरलेस तसंच, एमकेव्ही फाइलीत एफएफव्ही1 (चित्रातलं काही न गाळणारं कॉम्प्रेशन), सोबत चेकसम, म्हणजे फाइल बिघडली का ते पडताळायचा आकडा. तासाला 20 ते 30 जीबी लागतात, हार्ड डिस्क आपली न्या. नंतर मागितलं तर सगळं पुन्हा चालवावं लागतं, आणि पैसेही पुन्हा.

8 मिलिमीटरची रिळं मात्र इथे देऊ नका. प्रोजेक्टरवर लावून भिंतीवरचं चित्र कॅमेऱ्याने टिपतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजून आकसू लागलेली असते, आणि आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर भोकांपाशी फाटते. तिला फ्रेमगणिक स्कॅनरच हवा.

काम शिकायला मुलं ठेवतात, हे या भागात दुर्मीळ. डेकची निगा इथे नीट शिकवतात: 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, शॅमॉयची (मऊ चामड्याची) काडी हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम बोटाने फिरवायचा. काडी वरखाली केली की हेडचं टोक मोडलंच. व्हिडिओसाठी दोन-तीन महिने इथे काढावेत. फिल्मचं टेबल, म्हणजे सांधे, भोकांची दुरुस्ती, आकसणं मोजणं, हे इथे मिळणार नाही. त्यासाठी जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवावं. 2015 पासून एफआयएएफ या चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सहकार्याने त्या वेगवेगळ्या शहरांत होतात. पहिली मुंबईत झाली, दुसरी पुण्यात.

दर तासाला 250 रुपये, बुरशीचे वेगळे. कॅसेटच्या कण्यावरची प्लॅस्टिकची टिकली घरूनच मोडून न्या, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही चढणार नाही.