२४९ ग्रॅमचा जीपीएस ड्रोन: पावसाळ्यानंतरपासून मेपर्यंत वापरल्यावर, फक्त ‘पळून जाण्या’बद्दल

या वर्गातल्या ड्रोनच्या कॅमेऱ्याबद्दल, गिंबलबद्दल, रंगांबद्दल यूट्यूबवर ढिगाने सापडतं. त्यात भर घालत नाही. विकत घेण्याआधी बहुतेकांच्या मनात असतो तो प्रश्न वेगळाच असतो: पन्नास-साठ हजारांचं यंत्र डोळ्यांदेखत डोंगरापलीकडे निघून गेलं तर? कित्येक महिने वेगवेगळ्या हवेत आणि जागांवर वापरल्यावर माझं मत असं की ज्याला फ्लायअवे म्हणतात त्यात ड्रोन सहसा ‘बिघडलेला’ नसतो. तो सांगितलेलंच काम करत असतो, पण चुकीच्या माहितीवर. ती चुकीची माहिती त्याला उडण्याआधीच्या दोन मिनिटांत आपणच देतो.

आधी यंत्राचं थोडक्यात. वजन २४९ ग्रॅम, नॉर्मल मोडमध्ये कमाल वेग १० मीटर प्रति सेकंद, स्पोर्टमध्ये १६, वारा सोसण्याची कागदावरची मर्यादा साधारण १०.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३८ किलोमीटर. खोक्यावर ३१ मिनिटं लिहिलेली असतात. २५ टक्के बॅटरी राखून उतरवायचं म्हटलं तर हातात २० ते २२ मिनिटं येतात. समोर अडथळा ओळखणारे सेन्सर नाहीत, फक्त पोटाखाली आहेत.

होम पॉइंट. जीपीएसचे पुरेसे उपग्रह मिळाले की ड्रोन आपली जागा ‘घर’ म्हणून नोंदवतो. घाई करून त्याआधीच उडवला तर नोंद नंतर, हवेतच होते, आणि तोवर ड्रोन दरीवर किंवा तलावावर गेलेला असू शकतो. मग सिग्नल तुटला की तो इमानदारीत त्या जागी परततो आणि पाण्यात उतरतो. बराच वेळ बंद असलेल्या ड्रोनला बॅटरी चालू केल्यावर उपग्रह पकडायला एक-दीड मिनिट सहज लागतं. अ‍ॅपमध्ये होम पॉइंट नोंदल्याची सूचना आल्यावर नकाशा मोठा करून ‘एच’ची खूण खरोखर तुमच्या पायाशी आहे का ते बघा. मालवण-तारकर्लीला होडीतून उडवणाऱ्यांसाठी वेगळी अडचण आहे. होडी सरकते, घर मात्र उडवलं त्याच पाण्यावर राहतं. दर काही मिनिटांनी होम पॉइंट रिमोटच्या जागेवर बदलावा लागतो, आणि उतरवण्यासाठी आरटीएच (रिटर्न टू होम, म्हणजे ड्रोनचं आपोआप घरी परतणं) न वापरता हाताने आणून झेलावा लागतो.

आता कंपास, कारण खरोखर ‘पळणारा’ ड्रोन बहुतेक वेळा इथे घडतो. जीपीएस ड्रोनला तो कुठे आहे ते सांगतं, नाक कुठे आहे ते कंपास सांगतो. समजा वाऱ्याने ड्रोन दोन मीटर पूर्वेला सरकला. त्याला पश्चिमेला यायचं आहे, पण कंपास ४० अंशांनी चुकलेला आहे, तर तो पश्चिम समजून भलत्याच दिशेला जोर लावतो. मग ती चूक सुधारायला पुन्हा जोर, पुन्हा तिरका. परिणामी ड्रोन जागेवर स्थिर न राहता गोल घिरट्या घालू लागतो. चुकीचा कोन वाढला की घिरट्या मोठ्या होतात, आणि तो ९० अंशांच्या पलीकडे गेला की प्रत्येक दुरुस्ती उलट दिशेला होते. ड्रोन जितका दूर जातो तितका जोर लावून आणखी दूर जातो. तुम्ही स्टिक सोडलेली असते, तरी वेग वाढतच असतो. बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी हॅक केला.

कंपास कशामुळे चुकतो? शहरात पहिला संशयित म्हणजे गच्ची. स्लॅबमधल्या सळया जमिनीवर ठेवलेल्या ड्रोनच्या अगदी जवळ असतात, म्हणून गच्चीवरून उडवायचाच तर लाकडी स्टुलावर ठेवून उडवा किंवा हातातून सोडा. गाडीचं बॉनेट, लोखंडी पूल, मॅनहोलचं झाकण, चुंबकवालं मोबाइल स्टँड, हातातलं स्मार्ट घड्याळ हे सगळे त्याच यादीतले. सह्याद्रीत आणखी एक गंमत आहे. आपला काळा बेसॉल्ट मॅग्नेटाइट असलेला खडक आहे, आणि वारंवार वीज पडणाऱ्या माथ्यांवरचे दगड तर जागोजागी जोरदार चुंबकीय झालेले असतात. किल्ल्याच्या बुरुजावर, उघड्या कातळावर ड्रोन ठेवून चालू करणं ही म्हणूनच वाईट सवय. मातीवर किंवा गवतावर ठेवा, नाहीतर सॅक आडवी टाकून तिच्यावर ठेवा, फक्त त्या सॅकमध्ये पॉवरबँक नको.

मॅन्युअलमध्ये ठळकपणे हवी होती अशी दहा सेकंदांची चाचणी सांगतो. ड्रोन चालू करून जमिनीवर ठेवा आणि अ‍ॅपच्या नकाशावरचा बाण बघा. ड्रोनचं नाक रस्त्याच्या दिशेला असेल तर बाणही नकाशावरच्या रस्त्याच्या दिशेलाच हवा. मग ड्रोन हाताने पाव फेरी फिरवा, बाणही पाव फेरी फिरला पाहिजे. वीस-तीस अंशांचा फरक दिसला तर जागा बदला. नवीन जागी बाण बरोबर आला, तर दोष ड्रोनचा नव्हता, जागेचा होता. जुन्या जागीच हट्टाने कॅलिब्रेशन (ड्रोन फिरवून कंपास नव्याने जुळवणं) करू नका. बिघडलेल्या चुंबकीय जागेत केलेलं कॅलिब्रेशन तीच चूक पक्की करून ठेवतं आणि वर गेल्यावर, खडकापासून लांब, ती उघडी पडते. दर उड्डाणाआधी कॅलिब्रेट करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो, मला तो पटत नाही. अ‍ॅपने मागितलं तर, किंवा खूप लांब प्रवास करून आल्यावर मोकळ्या मैदानात एकदा करावं, तेवढं पुरे.

यानंतर तीन मीटरवर नेऊन दोन्ही स्टिक सोडायच्या आणि अर्धा मिनिट नुसतं बघायचं. हातभर हलणं ठीक. गोल फिरायला लागला तर ताबडतोब खाली. या उंचीवर पडला तर पाती जातात, शंभर मीटरवर ड्रोन जातो. पात्यांवरून आठवलं: टवका उडालेलं पातं चालवून घेऊ नये. त्याची थरथर आतल्या सेन्सरपर्यंत पोचते आणि उंची आपोआप वरखाली व्हायला लागते. पाती ए आणि बी खुणांप्रमाणे जोडीनेच बदला आणि कंपनीचेच नवे स्क्रू वापरा.

वारा. महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे या काळात या वजनाच्या ड्रोनचा खरा शत्रू हाच आहे. जमिनीवर पान हलत नसतं तेव्हाही शंभर मीटरवर चांगलाच वारा असू शकतो, आणि पश्चिमेकडच्या कड्यांवर दुपारनंतर तो खालून वर उसळतो. जाताना वारा पाठीशी असला की ६०० मीटर एका मिनिटात पार होतात. परतताना स्क्रीनवर वेग २ मीटर प्रति सेकंद दिसू लागला, तर तेच अंतर पाच मिनिटांचं झालं, आणि ड्रोन पूर्ण झुकून उडत असल्याने बॅटरी भराभर उतरते. म्हणून पहिलं उड्डाण नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला.

आणि इथेच लोक सर्वांत महागात पडणारं बटण दाबतात. घाबरून आरटीएच दाबलं की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो, म्हणजे आणखी जोरदार वाऱ्यात जातो. उलट करायला हवं: आरटीएच रद्द करा, खाली झाडं-तारा नाहीत याची खात्री असेल तर २०-३० मीटरवर उतरवा, स्पोर्ट मोड लावा, नाक घराकडे करा आणि स्टिक पूर्ण पुढे. तरीही अंतर कमी होत नसेल तर हट्ट सोडा आणि बॅटरी असेतोवर दिसेल त्या मोकळ्या शेतात उतरवा. उतरलेला ड्रोन सापडतो. क्रिटिकल बॅटरीने स्वतःहून उतरलेला कुठे उतरेल ते त्याच्या पोटाखाली काय आहे त्यावर.

आरटीएचची उंची उडवल्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नाही. पायथ्याच्या गावातून उडवून ६० मीटर ठेवली आणि मध्ये १०० मीटरची टेकडी असली, तर समोर सेन्सर नसलेला ड्रोन सरळ तिच्यात जाईल. उलट गुहेत, मोठ्या झाडाखाली किंवा पुलाखाली उडवताना सिग्नल गेल्यास ‘आरटीएच’ऐवजी ‘जागेवर थांब’ निवडावं, नाहीतर तो चढून छताला धडकेल. ही सेटिंग नंतर परत बदलायला विसरू नका.

सिग्नलबद्दल फार लिहीत नाही. रिमोटच्या अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखायचं नसतं, तिची सपाट बाजू ड्रोनकडे हवी. कड्याच्या धारेखाली ड्रोन नेला की सिग्नल हळूहळू कमी होत नाही, एकदम जातो, आणि अर्धं आकाश डोंगराने झाकल्यामुळे उपग्रहही घटतात. उन्हात फोन तापून अ‍ॅप बंद पडलं तर मात्र घाबरण्याचं कारण नाही: फोन मेला तरी रिमोट आणि ड्रोन यांचं बोलणं चालू असतं आणि रिमोटवरचं आरटीएच बटण काम करतं.

सौर वादळाच्या केपी आकड्याची (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणाऱ्या निर्देशांकाची) चिंता इकडच्या ड्रोनवाल्यांत जरा जास्तच केली जाते. तो आकडा उत्तरेकडच्या देशांत जास्त उपयोगी. आपल्या अक्षांशांवर सौर चक्राच्या ऐन भरात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतरचे काही तास जीपीएस सिग्नल थरथरतात, ते लक्षात ठेवलेलं बरं.

हरवलाच तर अ‍ॅपमधली शेवटची नोंदलेली जागा आणि फोनमध्ये साठलेला कमी दर्जाचा व्हिडिओ आधी जपून ठेवा, अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. शेवटच्या चौकटींत दिसणारं झाड किंवा बांध नकाशावरच्या ठिपक्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो. ड्रोनचा बीपर बॅटरी आहे तोवरच वाजतो, म्हणून शोध लगेच सुरू करावा. वेगळा ट्रॅकर चिकटवायचा मोह होतो, पण काही ग्रॅमनी वजन २५० च्या पुढे गेलं की ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे तो नॅनो न राहता मायक्रो वर्गात जातो. पातीरक्षक लावणाऱ्यांनाही हेच लागू. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघाच. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत (विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच) परवानगी लागत नाही, पण हरिश्चंद्रगडासारखे किल्ले अभयारण्यात येतात आणि तिथे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. वाऱ्याने तुमचा ड्रोन तिकडे ढकलला तरी जबाबदार तुम्हीच.

घ्यावा का? मैदान, शेत, समुद्रकिनाऱ्याची सकाळ यासाठी बिनधास्त. ज्यांचं बहुतेक चित्रण कड्यांवर आणि दुपारी असतं त्यांनी या वजनात पैसे घालू नयेत. वरच्या वर्गाच्या नियमांची कटकट सोसून जड ड्रोन घ्यावा, तो वाऱ्यात परत येतो.