मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीसाठी: कायमची नळी की वेळेवर घालायची नळी?

मणक्याला मार लागला की इस्पितळात लगेच फोलीची नळी, म्हणजे मूत्राशयात कायम ठेवायची, पिशवीला जोडलेली नळी घालतात. ते बरोबरच आहे. सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय लुळं पडलेलं असतं, सलाईनही चालू असतं. गडबड पुढे होते. पेशंट तीच नळी घेऊन गावी येतो आणि वर्षानुवर्षं तिच्यावरच राहतो, कारण दुसरं काही त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

फोली घरच्यांच्या सोयीची. पिशवी भरली की ओतायची, झालं. पण कायम आत राहिलेल्या नळीवर जंतूंचा थर बसतो, खडे होतात. पुरुषांमध्ये नळी पोटाला किंवा मांडीला पट्टीने चिकटवली नाही, तर ताणाने मूत्रमार्ग चिरत जातो, आणि दुखत नसल्यामुळे ते कळतंही उशिरा. शिवाय लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांनी बदलावी लागते. त्यासाठी तालुक्याला जायला गाडी करायची म्हटलं की तारीख पुढे ढकलली जाते, आणि एक दिवस नळी तुंबते.

दुसरा मार्ग म्हणजे दर चार ते सहा तासांनी साधी नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढायची. हात चालत असतील तर माझं मत सरळ याच बाजूचं. ‘घरात एवढं निर्जंतुक कसं जमणार?’ हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की निर्जंतुक नाही, नुसती स्वच्छ नळी चालते. मूत्राशय तट्ट फुगलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचं फावतं. म्हणून वेळेवर रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. पाकिटावर ‘एकदाच वापरा’ छापलेलं असतं आणि रोज नव्या नळ्या परवडत असतील तर उत्तमच. नसतील तर साबणाने आतून-बाहेरून धुऊन, पूर्ण वाळवून, झाकून ठेवलेली नळी पुन्हा वापरणारे पुष्कळ आहेत. एका वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त लघवी निघू लागली तर फेऱ्या वाढवायच्या. खरी अडचण पैशापेक्षा दुपारची असते: कामाच्या जागी हात धुवायला पाणी आणि दार लागेल असा आडोसा. बायकांचं तर यावरच अडतं.

पोट दाबून लघवी काढायची पद्धत फुकट आहे, पण ती मी कुणालाच सुचवणार नाही. खालचा झडपेचा स्नायू आवळलेला असेल तर दाबाने लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते.

मानेला मार लागून बोटंच चालत नसतील आणि दिवसभर जवळ माणूस नसेल, तर ओटीपोटाला भोक पाडून थेट मूत्राशयात घातलेली नळी फोलीपेक्षा बरी. मूत्रमार्ग वाचतो, बसायला सोपं जातं. खड्यांचा धोका मात्र राहतोच, आणि नळी निसटली तर भोक काही तासांतच आकसू लागतं. लगेच दवाखाना गाठावा लागतो.

कंडोम कॅथेटर, म्हणजे पुरुषांनी लिंगावर बाहेरून चढवायची, पिशवीला जोडलेली टोपी, फक्त गळती झेलतो. मूत्राशय खरंच रिकामं होतंय का, हे सोनोग्राफीत बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

काहीही निवडा, वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या. लघवी नुसती गढूळ दिसते म्हणून अँटिबायोटिक नको. ताप, थंडी किंवा अचानक वाढलेली गळती असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीवर इजा असलेल्या माणसाचं डोकं एकाएकी ठणकून घाम फुटला, तर त्याला आधी उठून बसवा आणि नळी कुठे मुडपली आहे का ते पाहा. तेवढ्याने उतरलं नाही, तर थेट दवाखाना.